भाग ४१ : वेल्डिंगचा हिशोब रात्री होतो (टिग आणि रॉडचं मशीन, सुरक्षितपणे)

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ऐकलाय पण मशीनसमोर उभं राहून आकडे परत बघायचेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून ठेवतोय. बोलताना एक-दोन आकडे सुटले होते, ते लिहिताना घातलेत.

तर प्रश्न असा आला होता : "दादा, ऑनलाइन ते २०० अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर मशीन दिसतं. रॉडनं पण चालतं, टिग पण होतं. घेऊ का? घरी चालेल का?"

माझं उत्तर : घ्या, चालेल. पण आधी माझ्या आतेभावाची गोष्ट ऐका.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. कॉम्प्युटर बीटेक, पुण्यात नोकरी. वेल्डिंग शिकलो ते मामांकडे, इचलकरंजीला. गेट, ग्रिल, जिने, अधूनमधून यंत्रमागाची किरकोळ दुरुस्ती, असं त्यांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, आजीला बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा करायचा आणि मागच्या पायऱ्यांना लोखंडी रेलिंग. नवं मशीन घेतलं. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेटही घेतलं, एकच. आतेभाऊ पाइप धरायला उभा राहिला. मी म्हटलं, "दोनच टाके मारायचेत रे, तू तोंड फिरव फक्त."

दोनाचे वीस कधी झाले, कळलं नाही. पाइप सरळ धरायचा तर बघायला लागणारच ना? संध्याकाळी तो एकदम मजेत होता. आम्ही मिसळ खाऊन आलो. रात्री दोन वाजता तो उठून बसला. डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होतंय, पाणी थांबत नाही, बल्बकडे बघवत नाही. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांत बरं वाटलं, पण ते दोन दिवस मी काय तोंड दाखवलं असेल, विचारू नका. मामा एवढंच म्हणाले, "ह्येल्मेट तुझ्या डोस्क्यावर, आनि डोळं त्येचं. ह्येला काय म्हनायचं, लेका?"

चूक आत्ता, एरर नंतर

आता जरा माझ्या धंद्यातलं बोलतो. आम्ही कोड कसा शिकतो? चालवून बघतो, एरर येते, दुरुस्त करतो. चूक आणि एरर यांत काही सेकंदांचं अंतर असतं, म्हणून माणूस शहाणा होतो.

वेल्डिंगमध्ये हे उलटं आहे. शॉक आणि भाजणं सोडलं तर बाकी जवळजवळ सगळा त्रास उशिरा कळतो. डोळे सहा ते बारा तासांनी. जस्ताच्या धुराचा ताप त्याच रात्री. आग, मशीन बंद करून तुम्ही चहाला गेल्यावर. फुप्फुसं, वर्षांनी. म्हणजे काम चालू असताना सगळं ठीकच वाटतं. "मला कधी काही झालं नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याची एरर अजून यायची असते एवढंच.

म्हणून इथे 'करून बघू, मग कळेल' चालत नाही. आधी क्रम ठरवायचा आणि तो दर वेळी पाळायचा. आज तोच क्रम सांगतो.

आधी दोन ओळींत ओळख

रॉडचं वेल्डिंग, ज्याला आपण नुसतं 'आर्क' म्हणतो, त्यात रॉड स्वतःच वितळतो. त्याच्यावरच्या लेपातून वायू आणि स्लॅग तयार होतो आणि तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. गंज, वारा, उघडं आवार, थोडंफार सगळं चालवून घेतं.

टिग म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस. इथे टंगस्टनची सुई वितळत नाही, ती फक्त आर्क धरते. फिलर दुसऱ्या हातानं द्यायचा. हवेपासून वाचवायला आर्गॉन गॅस. स्लॅग नाही, ठिणग्या जवळजवळ नाहीत, टाका देखणा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत मॅग्नेशियम जोडायला हे तंत्र पुढे आलं, तेव्हा आर्गॉनऐवजी हेलियम वापरत. टिगला स्वच्छता लागते. तेल, रंग, गंज काही चालत नाही.

आणि एक गोष्ट खरेदीआधी लक्षात ठेवा. स्वस्त मशीन बहुतेक फक्त डीसी असतात. त्यावर लोखंड आणि स्टेनलेस होतं. ॲल्युमिनियमच्या टिगला एसी लागतो. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, मशीनवर 'एसी/डीसी' आहे का ते बघा.

घरचा सॉकेट पेलेल का?

हा हिशोब आपल्यासारख्यांना आवडणारा आहे. मशीनच्या मानकांत आर्कचा व्होल्टेज काढायचं साधं सूत्र आहे. रॉडसाठी २० अधिक ०.०४ गुणिले अँपिअर. टिगसाठी २० च्या जागी १०.

८० अँपिअरवर रॉड : २३.२ व्होल्ट, म्हणजे साधारण १,८५० वॉट. मशीनमधला लॉस आणि पॉवर फॅक्टर धरून मेनवर दीडपट भार पकडा. २३० व्होल्टला झाले १२ अँपिअर. घरच्या १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला हे जमतं.

२०० अँपिअरवर रॉड : २८ व्होल्ट, ५,६०० वॉट, मेनवर ३५ अँपिअरच्या वर. हे घरच्या सॉकेटचं काम नाही. वायरिंग भिंतीच्या आत तापतं आणि ते तुम्हाला दिसत नाही.

टिग ८० अँपिअरवर : १३.२ व्होल्ट, हजारभर वॉट. म्हणजे टिग घरच्या लाइनीला रॉडपेक्षा हलकं पडतं.

एक्स्टेंशन लागलंच तर तीन तारांचं, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचं, आणि पूर्ण उलगडून. गुंडाळलेली केबल तापते. मशीनची अर्थ पिन कापून दोन पिनांत घुसवणारे महाभाग आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका.

ड्यूटी सायकलही बघा. ती दहा मिनिटांवर मोजतात. '२०० अँपिअरला ६० टक्के' म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं आराम. आरामात मशीन बंद करायचं नाही, आतला पंखा फिरू द्यायचा.

शॉक : घरचा आरसीसीबी इथे वाचवत नाही

हे मला स्वतःला माहीत नव्हतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण तो मेनच्या बाजूला राखण करतो. मशीनचं आउटपुट मेनपासून वेगळं असतं, त्यामुळे होल्डरचा शॉक बसला तर त्याला कळतच नाही.

रॉडच्या मोडमध्ये मशीन चालू आहे आणि आर्क पेटलेला नाही, तेव्हा होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या हाताला कदाचित काही जाणवणार नाही. घामेजलेला शर्ट, ओली फरशी, खाली लोखंडावर टेकलेला गुडघा, असं असेल तर हेच ८० व्होल्ट जीव घेऊ शकतात. काही मशीनमध्ये व्हीआरडी असतो, तो हा व्होल्टेज खाली आणतो. घेताना विचारा.

नियम सोपे आहेत. चामड्याचे हातमोजे कोरडे आणि न फाटलेले. रॉड बदलताना मोजा काढायचा नाही. पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट. केबल खांद्याला किंवा हाताला गुंडाळायची नाही. होल्डर काखेत धरायचा नाही, हसू नका, लोक धरतात. पेसमेकर असलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ यायचं नाही.

अर्थ क्लॅम्प घासून स्वच्छ केलेल्या धातूवर, टाक्याच्या जितका जवळ लागेल तितका लावा. लांब लावला तर करंट आपला रस्ता शोधतो. मामांनी एकदा मागाच्या सांगाड्यावर लांब क्लॅम्प लावून वेल्डिंग केलेलं, करंट बेअरिंगमधून गेला आणि नवं बेअरिंग खरखर करायला लागलं. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरीची तार काढा.

रॉड लावताना

सुरुवातीला ६०१३ रॉड घ्या. सगळीकडे मिळतो, पटकन पेटतो. २.५ मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअर, ३.१५ चा साधारण ९० ते १३० अँपिअर. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, पाकीट फेकू नका. होल्डर प्लसला की मायनसला तेही त्यावरच लिहिलेलं असतं.

रॉड ओला नको. ७०१८ सारखे रॉड तर दमट हवेत उघडे ठेवले की त्यातल्या ओलाव्यानं टाक्यात पुढे भेगा पडू शकतात. पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा.

आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी. रॉड चिकटला तर घाबरून हेल्मेट वर करू नका. होल्डर पिळून सोडवा, नाहीच सुटला तर होल्डरचा चाप दाबून रॉड सोडून द्या. स्लॅग ठोकताना तापलेले कपचे उडतात, म्हणून हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक चश्मा कायम. ग्राइंडरलाही तोच.

टिग लावताना

इथे केबल उलट्या होतात. टॉर्च मायनसला, अर्थ क्लॅम्प प्लसला. असं केल्यानं जास्त उष्णता कामावर जाते आणि टंगस्टन थंड राहतं. रॉडचं काम करून तशाच केबलवर टिग केलं, तर सुईचं टोक वितळून गोळा होतो. मी केलंय. मोडचा स्विचही बदला, नाहीतर टॉर्चच्या टोकावर रॉडवाला व्होल्टेज उभा राहतो.

टंगस्टनच्या टोकाचा रंग बघा. लाल म्हणजे त्यात २ टक्के थोरियम, किंचित किरणोत्सारी. हातात धरून काही होत नाही, पण टोक घासताना उडणारी धूळ श्वासातून आत जायला नको. सोनेरी किंवा निळ्या रंगाचं लँथेनम असलेलं घ्या, कामाला तितकंच चांगलं. १.६ मिलिमीटरचं टंगस्टन घरच्या कामाला पुरतं. घासताना रेषा टोकाच्या दिशेनं, उभ्या यायला हव्यात.

पातळ पाइपला जाडीच्या दर मिलिमीटरला ३० ते ४० अँपिअरपासून सुरू करा. आर्गॉन मिनिटाला ६ ते १० लिटर. टाका संपला की टॉर्च लगेच उचलायची नाही, गॅस आणखी काही सेकंद टाक्यावर राहू द्यायचा.

सिलिंडर उभा आणि साखळीनं बांधलेला. हा १५० बारच्या आसपास भरलेला असतो. पडून व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर सुसाट सुटतो. रेग्युलेटरसमोर उभं न राहता, बाजूला होऊन व्हॉल्व्ह हळू उघडा. आत काय आहे ते लेबल वाचून ठरवा, नुसत्या रंगावर जाऊ नका.

बाथरूममध्ये मी काय करणार होतो

माझा मूळ बेत असा की दांडा बाथरूममध्येच जागेवर टिग करायचा. मामांनी सरळ नाही म्हटलं. तेव्हा राग आला. नंतर हिशोब केला.

बाथरूम चार बाय सहा, उंची सात फूट. म्हणजे साधारण ४,७५० लिटर हवा. आर्गॉन मिनिटाला १० लिटर, तासाभरात ६०० लिटर. दार-खिडकी बंद असेल तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८.५ च्या आसपास येतो. १९.५ च्या खाली गेलं की ती हवा ऑक्सिजन कमी असलेली मानतात. शिवाय आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणजे मी जिथे उकिडवा बसणार तिथेच तो साचणार. त्याला रंग नाही, वास नाही. जीव गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ खाली पडतो. आणि मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर गॅस असतो. व्हॉल्व्ह गळका राहिला आणि दार बंद, तर सकाळी आजी तिथे आंघोळीला जाणार होती.

दांडा अंगणात वेल्ड केला आणि आत फक्त बोल्टनं बसवला.

धूर

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर थेट पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे पक्कं. म्हणून काम उघड्यावर आणि डोकं धुराच्या बाजूला, धुरात नाही. रॉडला बाजूनं पंखा चालतो. टिगला थेट वारा लागला तर आर्गॉन उडून जातो, म्हणून पंखा धूर ओढून बाहेर नेईल असा ठेवा. हेल्मेटखाली बसणारा धुळीचा मास्क धुराचे कण अडवतो, वायू नाही.

जीआय पाइपवर जस्त असतं. ते न घासता वेल्ड केलं की रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. "दूध प्यायलं की चालतं" हे खरं नाही. टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी काढा.

आणि एक फार महत्त्वाचं. धातू पुसायला क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर कधीच नाही. आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोन वापरा, पूर्ण वाळू द्या आणि बाटली लांब ठेवा.

डोळे, कातडी, आग

घरच्या कामाला १० ते १२ नंबरची काच. गॉगल, एक्स-रेची फिल्म, बोटांच्या फटीतून बघणं, हे सगळं रस्त्यावर दिसतं म्हणून बरोबर होत नाही. आर्कचा अतिनील किरण पांढऱ्या भिंतीवरून परत फिरूनही येतो. म्हणून जितकी माणसं, तितक्या काचा. मदतनीसासाठी साधी हातात धरायची शील्ड फार महाग नसते. लहान मुलांना आत, शेजाऱ्यांच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा. पेटवताना मोठ्यानं "डोळे!" ओरडायचं.

तरी डोळे आलेच तर बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी नको. डॉक्टरांकडे जा. बधिर करणारे ड्रॉप्स घरी घालत बसू नका, त्यानं वेदना थांबते पण डोळा भरून यायला अडथळा होतो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिएस्टरची ट्रॅक पँट वितळून कातडीला चिकटते. बंद बूट, पँट बुटाच्या बाहेरून. चप्पल नाही म्हणजे नाही.

ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाऊ शकते. तेवढ्यातला भुसा, गोणपाट, थिनर, गादी हलवा. बंद ड्रम किंवा टाकी, रिकामी असली तरी, वेल्ड करायची नाही. आतल्या वाफेचा स्फोट होतो. जवळ वाळूची बादली आणि अग्निशामक. काम संपल्यावर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर तिथेच थांबा. फोन बघा, हा पॉडकास्ट ऐका, पण थांबा. धुमसणारी ठिणगी घाईत नसते.

स्क्रीनशॉट काढा

१. जागा कोरडी, उघडी. ३५ फुटांत पेटणारं काही नाही.
२. सॉकेट, अर्थ पिन, केबल तपासली.
३. रॉड की टिग? केबल आणि मोड त्याप्रमाणे.
४. क्लॅम्प स्वच्छ धातूवर, टाक्याजवळ.
५. धातूवर जस्त, रंग, क्लीनर नाही.
६. सिलिंडर बांधलेला, हवा खेळती.
७. कोरडे मोजे, सुती कपडे, बंद बूट, आत पारदर्शक चश्मा.
८. जितकी माणसं, तितक्या काचा.
९. संपल्यावर मशीन बंद, सिलिंडर बंद, तासभर राखण.

यातला आठवा नियम माझ्या मशीनवर मार्करनं लिहिलाय. आतेभावानंच लिहिला. या दिवाळीला आम्ही दोघांनी मिळून मामांच्या गच्चीचं फाटक केलं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मामांनी टाके बघितले, "ठीक हाय" म्हणाले, म्हणजे खूपच झालं. आणि आजी रोज सकाळी त्या दांड्याला धरून उठते.

पुढच्या भागात ग्राइंडरच्या चकत्यांबद्दल बोलू, त्यांनाही एक्स्पायरी असते हे किती जणांना माहीत आहे? प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. आणि मशीन घेतलंत तर हेल्मेट दोन घ्या. भेटू.